खाणं आणि जेवण

मुंबईत स्वस्तात खायला मिळतं, हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं ऐकतो आहे. खायला मिळतं, हे खरंच. पण जेवायला? वडापाव, समोसा, भजी, मिसळ... हे झालं खाणं. तिशीत ते चालून जातं. सत्तरी ओलांडली, की दुपारी एक वाजता पोटाला वरण-भातच लागतो. (आणि डॉक्टरांच्या गोळ्याही नेमक्या जेवणानंतरच्या!)

आमच्या दिघाशीहून मुंबईला हौसेने फिरायला जाणारे थोडे. एसटीने भिवंडी, पुढे ठाणे, मग लोकल पकडून माणूस परळला उतरतो तो बहुधा केईएम नाहीतर टाटामध्ये घरचं कुणी दाखल आहे म्हणून. पेशंटला दवाखान्यात जेवण मिळतं. त्याच्याजवळ थांबणाऱ्याने काय करायचं? दोन दिवस नव्हे, कधीकधी तीन-तीन आठवडे. औषधांचा खर्च आ वासून उभा असताना माणूस पहिली काटकसर करतो ती स्वतःच्या पोटाशी.

गंमत म्हणजे याच परळ-लालबागला एकेकाळी याचं उत्तर होतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार महिन्याच्या खानावळीत जेवायचे. बायका आपल्या चाळीतल्या खोलीतच दहा-वीस जणांचा स्वयंपाक रांधायच्या, वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज सोसून. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जेवणारेच उरले नाहीत.

सरकारनेही प्रयत्न केले. १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर आठवत असेलच. केंद्रं राहिली, भाकर गेली आणि तिथे भलतंच विकायला लागले. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. योजना चांगली, पण वेळ दुपारचीच आणि थाळ्या मोजक्या. डॉक्टरांचा राउंड लांबला की संपलं! आणि रात्रीचं काय?

दुसऱ्या टोकाला अनलिमिटेड थाळी. आम्हा म्हाताऱ्यांना ती जात नाही, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात.

माझी भाची तोक्योत असते. तिकडे साध्या हॉटेलांत 'तेइशोकु' मिळतं म्हणे. एक मुख्य पदार्थ, भात, सूप, थोडं लोणचं. म्हणजे आपली राईसप्लेटच की! बऱ्याच ठिकाणी काचेत पदार्थांचे नमुने किमतीसकट मांडलेले. बाहेरूनच कळतं, परवडेल की नाही. (सूपमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.) आपल्याकडे आत बसून मेनूकार्ड उघडल्यावर उठून जायची लाज वाटते, म्हणून कित्येक जण पायरीच चढत नाहीत.

मला दान नको आहे. दवाखान्यांच्या आसपास अर्धी थाळी, बाहेर भाव लिहिलेली, रात्री नऊपर्यंत मिळावी, एवढंच. जागा पालिकेने द्यावी, चालवायला बचत गटाच्या बायका आहेतच.

असो. परळला महिन्याच्या बोलीने घरगुती जेवण देणारं कुणी ठाऊक असेल तर जरूर कळवा. आमच्या शेजारची सून सोमवारपासून टाटाला सासऱ्यांजवळ थांबणार आहे.