यंत्राला मोडी कोण शिकवणार?

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षण व जतनासाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. त्याच वर्षी आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकप्रणाली मांडली. अशा बातम्या आल्या की विद्यापीठांत दोन सूर उमटतात. एक म्हणतो, डिजिटल मानव्यविद्या हे निधी मिळवण्याचे नवे निमित्त आहे. दुसरा म्हणतो, आता यंत्रच सारे वाचील. कावेरीकाठी हे दोन्ही सूर खोटे ठरतात.

कुंभकोणम् हे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवराव यांचे जन्मगाव. हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. त्यांच्या दप्तरातील मोडी कागदांचे गठ्ठे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कोणत्या गावचे भात कोणत्या छत्राला गेले, दुष्काळी वर्षांत त्याचा भाव किती चढला, हे सांगायचे तर हजारो कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतील. एका अभ्यासकाचे आयुष्य त्याला पुरणार नाही. येथे संगणक ही चैन नसून गरज आहे.

पण यंत्राला वाचायला शिकवते कोण? रुडकीच्या संचात मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आहेत आणि प्रत्येकीसोबत देवनागरी पाठ आहे. कागद शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन आहेत. तंजावरच्या मराठीत मात्र तमिळ आणि तेलुगू शब्द मिसळलेले आहेत. महाराष्ट्रातील कागदांवर पोसलेले यंत्र तमिळ गावनावापाशी अडेल. किंबहुना न अडखळता चुकीचे नाव लिहून मोकळे होईल, आणि तो धोका अधिक मोठा. ही चूक पकडील तो मोडी आणि तमिळ दोन्ही जाणणारा माणूसच.

विद्यापीठीय व्यवस्थेचा खरा दोष येथे आहे. निबंध छापला की बढतीसाठी गुण मिळतात; वर्षानुवर्षे केलेले लिप्यंतर, शब्दसूची, गावनावांची यादी ही मात्र कारकुनी ठरते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ भाषांतर खंडशः प्रसिद्ध केले, ते अशाच श्रमांतून. या श्रमाला संशोधनाचा दर्जा द्यावा, मोडी व तमिळ एकत्र शिकवणारे वर्ग काढावेत, आणि प्रत्येक डिजिटायझेशन प्रकल्पाच्या निधीतील निश्चित वाटा वाचकांच्या वेतनासाठी राखावा. एवढे झाले नाही, तर हे दप्तर वाळवीपासून वाचेल, पण वाचले जाणार नाही.