गल्ल्यामागचे मौन

शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने देशातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या आणि आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांसाठी इतर माता तेथे आपले दूध देतात. मुंबईने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट होय.

पण रुग्णालयाबाहेर पडून कोणत्याही रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात घटकाभर उभे राहावे. सून बाळंत होऊन तीन दिवस झाले, दूध पुरत नाही, असे सांगत सासू पावडरीचा डबा मागते. डबा मिळतो, पैसे गल्ल्यात पडतात. पहिले दोन-तीन दिवस येणारा थोडासा चीक बाळाच्या इवल्याशा पोटाला बहुधा पुरतो, आणि वारंवार पाजल्यानेच दूध वाढते, हे सांगण्यास कोणी तोंड उघडीत नाही. आईचे दूधच उत्तम, हे त्या डब्यावर कायद्याने छापावे लागते. म्हणजे डबा बोलतो आणि विकणारा गप्प!

काही मातांना डबा खरोखरच लागतो, हे आम्ही जाणतो. ती गरज डॉक्टरांनी ठरवावी, एवढेच आमचे म्हणणे.

बाळाच्या कृत्रिम दुधाविषयीच्या १९९२च्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, तेव्हा औषधांचे दुकानही आरोग्यसेवेच्या व्यवस्थेत गणले गेले. तेथे डब्याच्या प्रचाराचा फलक लावता येत नाही. पुढे २०१५च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कामच ठरविले. तेव्हा 'आम्ही केवळ दुकानदार' ही सबब आता चालावयाची नाही.

आणि हे काम त्याच्याखेरीज दुसरा कोण करणार? तापावर साधी पॅरासिटामॉल घेतली म्हणून भीतीने बाळाला छातीपासून तोडणाऱ्या माता आहेत. वस्तुतः ती गोळी योग्य मात्रेत घेऊन पाजण्यास हरकत नसते. उलट कोडीन असलेले खोकल्याचे औषध अशा मातेने टाळावयास हवे, आणि नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी दूध आटू शकते. 'अंगावर पाजता का?' एवढे विचारावयास किती वेळ लागतो? आठव्या महिन्यात लोहाच्या गोळ्या न्यावयास आलेल्या बाईला दोन शब्द आधीच सांगता येतात: जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्या, मध-घुटी नको, सहा महिने पाणीही नको. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके अवघी ४१.८ टक्के आढळली.

गर्दीत बोलावयास सवड नसते, हे खरे. परंतु पुष्कळदा बोलणारा माणूसच तेथे नसतो. त्याचे प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर असते. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. हजेरीपटावर असलेला आणि वर्गात नसलेला मुलगा आम्हांला चटकन ओळखू येतो!

महापालिकेने आपल्या प्रसूतिगृहांभोवतीच्या फार्मासिस्टांना दोन दिवस शीवच्या दुग्धपेढीत नेऊन बसवावे. शिकविण्याजोगा अनुभव तेथे भरपूर आहे. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी दुकानाची दप्तरे तपासताना, गल्ल्यामागे उभा आहे तो कोण, हेही एकदा विचारावे.