आधी घासणे, मग गुळणी

लाळेत सुटे तरंगणारे जीवाणू तोंडात फार काळ टिकत नाहीत. घोटाबरोबर पोटात जातात. उपद्रव करणारे दातांवर आणि हिरडीच्या काठाखाली थर, म्हणजे प्लाक, करून राहतात. मानवी मुखात सातशेहून अधिक प्रजाती आढळल्या आहेत. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स साखरेपासून आम्ल तयार करतो आणि चिकट शर्करेची जाळीही विणतो. हिरडीच्या खोल खिशांत पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला ही तिकडी एकत्र सापडते. परीक्षानळीत जे द्रावण या जीवाणूंना झटक्यात मारते, तेच प्लाकच्या थराबाहेर थबकते.

ही गोष्ट नवी नाही. डच निरीक्षक लेवेनहूक याने १६८३ मध्ये रॉयल सोसायटीला आपल्या दातांवरल्या किटणातील 'जीवां'चे वर्णन कळवले. व्हिनेगरचा थेट स्पर्श झाला की ते मरतात, पण व्हिनेगरची चूळ भरली तरी दातांवरच्या थरात ते जिवंतच राहतात, हेही त्याने पाहिले होते. माउथवॉशच्या जाहिराती अजून या निरीक्षणापर्यंत पोचलेल्या नाहीत.

आज वापरात असलेल्या द्रावणांत क्लोरहेक्सिडीनइतका भरवशाचा पुरावा दुसऱ्या कशामागेही नाही. त्याचा रेणू धनभारित, जीवाणूची भित्तिका ऋणभारित; तो तिला चिकटतो, पटल फाटते आणि आतले पोटॅशियम गळू लागते. प्रमाण वाढले तर पेशीतला द्रवच साकळतो. मात्र त्याचे खरे बळ टिकून राहण्यात आहे: दात व श्लेष्मपटलाला धरून तो कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्याने १९७० मध्ये दाखवले की ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरच्या दिवसातून दोन गुळण्या केल्या, तर ब्रश बंद ठेवूनही प्लाक जवळजवळ साचत नाही. या प्रयोगाची सुरुवात स्वच्छ केलेल्या दातांपासून झाली होती, हे मात्र चिठ्ठी लिहिताना विसरले जाते. आधीच साचलेला थर मोडण्याचे काम क्लोरहेक्सिडीनचे नव्हे. शिवाय टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट हे ऋणभारित असल्याने त्याला निष्प्रभ करते. ब्रश आणि गुळणी यांत अर्ध्या तासाचे अंतर रुग्णाला बजावून सांगावे लागते. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, क्वचित तीव्र ॲलर्जीही होते. म्हणून त्याचा वापर दिवसांत मोजावा, महिन्यांत नव्हे.

सेटिलपिरिडिनियम क्लोराइड त्याच जातीचे, पण लवकर ओसरणारे. सुगंधी तेलांच्या द्रावणांतील थायमॉल म्हणजे आपल्या ओव्यातलाच अर्क. ते पटल विस्कटते, मात्र चिकटून राहत नाही. फ्लोराइडच्या गुळणीचा मुख्य लाभ जंतुनाशक नाही, दाताच्या खनिजभरणीचा आहे.

थर मोडायचा तर घासणेच लागते; म्हैसूरजवळ, कपिलेच्या काठच्या नंजनगूडचे उदाहरण इथे उपयोगी पडते. बी. व्ही. पंडित यांनी १९१३ मध्ये तिथे सद्वैद्यशाळा स्थापन केली आणि तिच्या दंतमंजनाने गावाचे नाव कर्नाटकात घरोघरी नेले. त्यात भाताच्या तुसाची राख वापरली जाई. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. बोटाने ती फिरली की थर मोडतो, आणि दंतमंजनाच्या उपयोगाचा मोठा वाटा या घासण्यात आहे. मंजनातील वनौषधींचे गुण त्यानंतरचे. अर्थात कोणतीही खरखरीत भुकटी वर्षानुवर्षे जोर लावून घासली तर हिरडीलगतचा दात झिजतो, आणि अशी झीज जुन्या मंजनकऱ्यांच्या तोंडात दिसते.

आयुर्वेदाने गंडूष आणि कवल असा भेद केला आहे. गंडूषात तोंड इतके भरायचे की द्रव हलू नये. कवलात तो खुळखुळवता यावा. आजची गुळणी कवलाच्या जवळची. त्रिफळ्याच्या काढ्याने प्लाक कमी होतो, असे भारतातील काही चाचण्यांत दिसले आहे. पण त्या लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. तेवढ्यावर क्लोरहेक्सिडीनला पर्याय मिळाला, असे म्हणणे घाईचे होईल.

जंतुनाश सरसकट होतो, ही दुसरी अडचण. जिभेवरील व्हेलोनेला, रोथिया, नायसेरिया हे जीवाणू पालक, बीट यांतील नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनवते. क्लोरहेक्सिडीनच्या आठवडाभराच्या वापराने हे रूपांतर मंदावते व रक्तदाब किंचित चढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला बाटली लिहून देताना एवढे ध्यानात असावे.

शस्त्रक्रियेनंतर टाक्यांमुळे ब्रश करता येत नाही, किंवा अपंगत्वामुळे हात चालत नाही, तेव्हा क्लोरहेक्सिडीनची गुळणी खऱ्या अर्थाने कामाची. एरॉसोल उडवणाऱ्या उपचारांआधी ती दिली तर उडणाऱ्या थेंबांतील जीवाणूंची संख्याही घटते. खोल खिशांत मात्र ती उतरतच नाही. तिथे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग लागते. सहा वर्षांखालील मुले गुळणी गिळतात, म्हणून त्यांना ती देऊ नये. आणि किरणोपचाराने लाळ आटलेल्या रुग्णासाठी अल्कोहोलविरहित द्रावणच निवडावे.