रक्ताच्या कुपीतील इशारा आणि निदानाची घाई

गर्भवतीच्या दंडातून घेतलेल्या थोड्याशा रक्तावरून पोटातील बाळाच्या गुणसूत्रांविषयी अंदाज बांधता यावा, हे वैद्यकशास्त्राचे जुने स्वप्न आज बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आले आहे. मात्र या तपासणीला चिकटलेले ‘नव्व्याण्णव टक्के अचूक’ हे बिरुद नीट पारखून घ्यायला हवे. गर्भ ठेवावा की नाही, इतका गंभीर निर्णय कधी कधी त्या अहवालावर येऊन ठेपतो.

संशोधकांनी आधी माग काढला तो बाळाच्या अखंड पेशींचा. गरोदरपणातील झटक्यांनी दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग श्मोर्ल यांनी १८९३ मध्ये नोंदवले होते. पण मिलिलिटरभर रक्तातील अब्जावधी पेशींत बाळाची जेमतेम एखादी असते. अमेरिकेत सरकारी पाठबळाने झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, तेव्हा पोटी मुलगा असतानाही त्याच्या पेशी निम्म्याहून कमी नमुन्यांत ओळखता आल्या होत्या. त्यातच बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही मुलाच्या पेशी आईच्या रक्तात आढळल्याचे १९९६ मध्ये दिसून आले होते. म्हणजे हाती लागलेली पेशी आताच्या बाळाची की आधीच्या, हाही प्रश्न उरतोच.

वाट मोकळी झाली ती १९९७ मध्ये. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी बाजूला ठेवून रक्तद्रवात तरंगणारे डीएनएचे तुकडे तपासले आणि त्यांत गर्भाचा अंश सापडला. प्रसूतीनंतर काही तासांतच तो नाहीसा होत असल्याने आधीच्या बाळंतपणाचा घोळ राहत नाही. २०११ पासून या तत्त्वावरील तपासण्या बाजारात आल्या. मात्र हे तुकडे मुख्यतः वारेतून येतात. वार आणि बाळ यांची गुणसूत्रे बहुधा जुळतात. क्वचित जुळत नाहीत. म्हणूनच ही तपासणी छाननी ठरते, निदान ठरत नाही.

हा भेद साध्या हिशेबाने कळतो. समजा, हजारात एका गर्भाला डाऊन सिंड्रोम आहे आणि तपासणी हजारात एकदाच खोटा इशारा देते. दहा हजार तरुण गर्भवतींमध्ये खरे इशारे सुमारे दहा आणि खोटेही सुमारे दहा येतील. म्हणजे ‘दोष आहे’ असे सांगणारे निम्मे अहवाल चुकीचे! चाळिशीतील गर्भवतींमध्ये तेच प्रमाण शंभरात एक धरले, तर शंभर खऱ्यांमागे खोटे सुमारे दहाच. तपासणी तीच, पण अहवालाचा अर्थ वयानुसार बदलतो. गर्भजल तपासणीने खात्री केल्याविना गर्भपाताचा निर्णय घेणे म्हणूनच अनुचित आहे.

दुसरा धोका लिंगनिदानाचा. लो यांच्या शोधाचा पुरावाच मुळी पुरुषलिंगी गर्भाच्या ‘वाय’ गुणसूत्राचा होता. त्यामुळे मुलगा की मुलगी, हे त्याच कुपीतून सहज कळू शकते. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताचा नमुनाही येतो आणि आईचे वय ३५ पेक्षा अधिक असणे, कुटुंबात आनुवंशिक विकार असणे अशा ठरावीक कारणांसाठीच अशा तपासणीला मुभा आहे. प्रत्यक्षात आपली पाळत मुख्यत्वे सोनोग्राफी यंत्रावर राहिली. यंत्राला मोहोर लावता येते. कुपी मात्र कुरिअरने राज्याबाहेर जाऊ शकते. २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे गोव्यात ९४२, तर शेजारच्या महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. आपला आकडा बरा असला तरी निश्चिंत व्हावे असा नाही.

राज्याच्या आरोग्य यंत्रणेने आता गोव्याबाहेर जाणाऱ्या अशा प्रत्येक नमुन्याची, तपासणीच्या कारणासह, नोंद ठेवणे बंधनकारक करावे. तपासणीपूर्वी आणि नंतर समुपदेशन मिळणे हा गर्भवतीचा हक्क मानला जावा. आणि अहवाल हाती आल्यावर प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: माझ्या वयात हा इशारा खरा असण्याची शक्यता किती? त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो कागद केवळ इशाराच समजावा.