रविवारचा रकाना

आमच्या काकूंच्या माजघरांत फडताळाच्या खुंटीला सुतळीनें टांगलेली एक वही आहे. शाळेंत मुलें वापरतात तसलीच, दोनशे पानी. प्रत्येक पानावर सात रकाने आंखलेले. वर वारांचीं नांवें, खालीं कोण आलें, किती वाजतां आलें, रक्तदाबाची गोळी घेतली कीं नाहीं, जेवण काय झालें, आणि शेवटीं एक ओळ मोकळी. त्या मोकळ्या ओळींत "आजी आज हंसल्या", "चष्मा सांपडला" असें कांहींतरी लिहिलेलें असतें. ही वही आमच्या घरच्या कोणीं सुरू केलेली नाहीं हें प्रथमच कबूल करतों; आणि या महिन्यांत लिहावयास बसलों तो तिच्यामुळेंच.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलत भावाच्या पत्नी. वय 84. गोंदियासारख्या तांदळाच्या आणि रेल्वेच्या गांवांतलें तें घर. एके काळीं तेथें रोज बारा-चौदा पानें मांडलीं जात. आतां त्या एकट्या. थोरला मुलगा पुण्यास, धाकटा अमेरिकेंत. दोघेही कर्तव्यास चुकणारे नव्हेत. पैसे वेळेवर येतात, रोज सायंकाळीं फोन येतो, पडद्यावर नातवंडें दिसतात. आमचें घर दोन आळ्या सोडून. "आम्ही आहोंतच कीं जवळ" असें मीं दोघांनाही अनेकदां सांगितलेलें होतें, आणि त्या एका वाक्यावर सारे निर्धास्त होतों.

2024 च्या माघांत एका मुंजीसाठीं आम्ही सहकुटुंब नागपुरास गेलों असतां काकू पहांटे मोरींत पाय घसरून पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. हांक मारण्याचें त्राण उरलें नाहीं. तीन तास त्या ओल्या फरशीवर तशाच होत्या. समोरच्या घरांत एक निवृत्त परिचारिका राहतात. सारी आळी त्यांना सिस्टर म्हणते. आठ वाजून गेले तरी काकूंच्या दारांत रांगोळी नाहीं, एवढें त्यांच्या लक्षांत आलें. त्यांनीं दार ठोठावलें, मग मुलाकडून कडी काढविली, काकूंच्या तोंडांत चमच्यानें पाणी घातलें, गाडी बोलाविली, आणि मग आम्हांस फोन केला. त्या दारावरून मी रोज दोन वेळां जातों. तेथें रांगोळी आहे कीं नाहीं हें मीं कधीं पाहिल्याचें मला आठवत नाहीं.

शस्त्रक्रिया झाली. महिन्यानें काकू काठीच्या आधारानें घरीं आल्या, आणि त्याच सायंकाळीं सिस्टर ती वही घेऊन आमच्याकडे आल्या. सिस्टर ख्रिस्ती. त्यांच्या मंडळींतल्या बायका आजाऱ्यांस आणि एकट्या राहणाऱ्यांस भेटावयास जातात, तशी काकूंचीही पाळी त्यांनीं लावून टाकली होती. सोमवार एका शिक्षिकेकडे, मंगळवार रेल्वेंतल्या कारकुनाच्या पत्नीकडे, असे सहा रकाने भरलेले. सातवा कोरा. "दादा, रविवारीं सकाळीं आमची उपासना असते. तेवढा वार आपण घ्याल का?"

इतकें साधें मागणें. पण त्या रात्रीं आमच्या घरांत जें बोलणें झालें तें साधें नव्हतें. माझे वडील बंधु अण्णा म्हणाले, "हे लोक उगीच कां करतील? पुढें कांहीं हेतु असणारच." पत्नीला सोंवळ्याची चिंता, काकूंच्या स्वयंपाकघरांत कोण जाणार, पाणी कोण भरणार. वादाला जुनी आठवण फुटली ती अर्थातच पंचहौदाच्या चहाची. पुण्यास गुरुवार पेठेंत पंचहौद मिशन आहे. पवित्र नाम देवालय हें तेथील 1885 चें चर्च. तेथें 1890 सालीं व्याख्यानास म्हणून बोलावलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हातीं घेतला. आनंदीबाई जोशांचे पति गोपाळराव यांच्या खटपटीनें साऱ्यांचीं नांवें छापून निघालीं, आणि न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले एकाच ग्रामण्यांत सांपडले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें. 1892 सालीं प्रायश्चित्तें झालीं. दोन वर्षें पुण्यानें एका पेल्याचा हिशेब केला. त्याच पंचहौदांत ज्या वाँटेजच्या जोगिणी काम करीत होत्या, त्यांच्याच इंग्लंडांतील मठाच्या आश्रयानें पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हां पुणेकरांच्या मनांत धास्ती नव्हती असें नाहीं. पण त्या मिशनांत शाळेचें, दवाखान्याचें, पोरक्या मुलींचें काम कोण कसें करतें, कोणाची पाळी कधीं असते, याची चौकशी त्या दोन वर्षांत कोणीं केली असेल असें वाटत नाहीं. चहाची मात्र झाली.

वादाचा निकाल काकूंनींच लावला. "मोरींत पडलें होतें तेव्हां तिनें माझ्या तोंडांत पाणी घातलें. तेव्हां माझें सोंवळें कोठें होतें रे?" स्वयंपाकघर त्यांनीं स्वतःकडे ठेविलें, माजघर सर्वांना मोकळें केलें. तें अद्याप तसेंच चालतें. सोमवारच्या शिक्षिका उंबऱ्याबाहेर बसून भाजी निवडतात, काकू आंत फोडणी देतात, आणि मध्यें दोघींच्या गप्पा.

अण्णांच्या प्रश्नाचें उत्तर मीं सिस्टरांकडूनच घेतलें. शंका अगदीं निराधार होती असें मी म्हणत नाहीं. धर्मांतरासाठीं सेवा झाल्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. सिस्टर रागावल्या नाहींत. म्हणाल्या, "दादा, 84 व्या वर्षीं आजींना नवा देव देऊन मी काय करूं? मला त्यांना गोळी वेळेवर द्यायची आहे." मग आपल्या पणजीची गोष्ट सांगितली. 1899-1900 च्या दुष्काळांत आईबाप गेले, आणि ती पोर चांद्याच्या मिशनांत वाढली. गोंदियाहून नागभीडवरून जी गाडी चांदा फोर्टास जाते, त्या वाटेच्या टोकाचें हें मिशन स्कॉटलंडच्या एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखालीं चालणाऱ्या, चर्चनें चालविलें होतें. तेथील अलेक्स वुड या पाद्रीनें 1906 सालीं चांद्याच्या कामावर एक पुस्तक लिहिलें. तेच गृहस्थ पुढें 1926 सालीं नागपूरचे बिशप झाले. नागपूरचा धर्मप्रांत 1903 चा. सदरमधील ऑल सेंट्स हें त्याचें मुख्य देवालय. तेथेंच 29 नोव्हेंबर 1970 रोजीं अँग्लिकन आणि इतर पांच पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. सिस्टरांची मंडळी त्यांतलीच. मोजक्या घरांची, पाळक अधूनमधून येणारा, आणि पुष्कळसें काम बायकांच्या अंगावर.

'मंडळी' हा शब्द ऐकून आमची सून हंसली, कारण आपल्याकडे मंडळी म्हणजे घरधनीण. इंग्रजींत ज्याला पॅरिश म्हणतात त्या शब्दाचें मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ जवळ राहणें, शेजार. देवळाच्या घंटेच्या टापूंत जो राहतो तो त्या पॅरिशचा, मग तो प्रार्थनेस येवो वा न येवो. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत 1601 च्या कायद्यानें इंग्लंडांतील प्रत्येक पॅरिशवर तेथल्या निराधारांचा भार टाकला. देवळाचे कारभारी आणि गांवचे देखरेखीदार यांनीं घरोघर कर बसवून तो उचलावयाचा. त्या व्यवस्थेचीं पुढें फार निर्दय रूपें झालीं, गरिबांस कोंडवाड्यासारख्या कामघरांत डांबलें, हेंही खरें. पण "आमच्या हद्दींत कोण उपाशी आहे?" हा प्रश्न एका ठराविक माणसाला विचारतां येत होता.

त्याहूनही मला बायबलांतला एक जुना प्रसंग आवडतो. 'प्रेषितांचीं कृत्यें' या भागांत आहे तो. यरुशलेमांतल्या पहिल्या मंडळींत विधवांना रोज अन्न वांटलें जात असे. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनीं तक्रार केली कीं वांटपांत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें. तक्रार खरी ठरली, आणि त्या एका कामासाठीं नांवें घेऊन सात माणसें नेमलीं गेलीं. सगळेच भक्त, सगळेच प्रेमळ, तरी म्हाताऱ्या उपाशी; कारण सगळ्यांचें काम तें कोणाचेंच नसतें.

हें ऐकतांना आपल्याकडचें काय आठवावें? मला वार आठवले. माझे आजोबा नागपुरास शिकत असतां सात घरीं वार लावून जेवत. बुधवारच्या घरचें ताक पातळ असे, हें ते मरेपर्यंत सांगत. काकूंच्या सासूबाईंच्या काळीं त्यांच्याही घरीं दोन मुलांचे वार होते, आणि नवी सून म्हणून काकूंनींच त्यांना वाढलें आहे. गोमंतकांत पणजीस 1908 सालीं मुष्टिफंड निघाला. घरोघर मूठ-मूठ तांदूळ बाजूला काढून मराठी शिक्षणाची सोय झाली. मिझो बायकांनीं 1910 पासून हीच मूठ आपल्या चर्चसाठीं काढली आणि अद्याप काढतात. तेव्हां नेमानें थोडें थोडें देण्याची विद्या आपल्याला परकी नव्हे. पण आपला वार होता मुलासाठीं, तोही आपल्या जातीच्या आणि पुढें शिकून मोठा होईल अशा. म्हातारीचा वार कोणीं लावल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. तिला एकत्र कुटुंब होतें ना! तें कुटुंब पुण्यास आणि परदेशीं पांगलें, तरी आपण अजून त्याच्याच नांवानें निश्चिंत असतों.

सिस्टरांच्या मंडळींतलें सारेंच मधुर आहे असा समज नको. पाळकसमितीच्या निवडणुकींत दोन तट पडतात. कापणीच्या सणाला लोक देवळांत भाताच्या लोंब्या, भोपळे, कोंबड्या आणतात आणि मागून लिलांव होतो. त्या लिलांवांत कोणीं कोणाचा भोपळा मुद्दाम चढविला यावरून दोन बायका वर्षभर बोलत नव्हत्या. मात्र दोघींचे वार लागोपाठ होते, आणि वहींत दोघींच्या नोंदी बिनचूक आहेत. एकीनें लिहावें, "उद्यां औषध संपतें," आणि दुसरीनें तें आणावें. बोलणें नाहीं तें नाहींच.

आतां आमच्या रविवाराचें सांगतों. पहिले तीन महिने आम्ही कौतुकानें गेलों, फोटो काढून पुण्यास पाठविले. पुढें आषाढांत एका रविवारीं व्याही आले. मला वाटलें पत्नी जाऊन आली. तिला वाटलें चिरंजीव गेला. त्याला वाटलें आज पाहुणे, तेव्हां अण्णा जातील. दुपारीं आमरस आटोपून मी आडवा झालों. कोणीच गेलें नव्हतें. उपासनेहून परततांना सिस्टरांनीं काकूंना पाहिलें. त्यांनीं आम्हांस फोन केला नाहीं, नंतरही एका शब्दानें बोलल्या नाहींत. पुढच्या रविवारीं मीं वही उघडली, तेव्हां आमच्या रकान्यांत त्यांच्या अक्षरांत लिहिलेलें होतें: "गोळी 1 वाजतां. आजी सकाळपासून दारांत बसून होत्या."

तें पान मीं घरांत सर्वांना वाचावयास दिलें. कोणीं कोणाला दोष दिला नाहीं. देण्यासारखें कोणाजवळ कांहीं नव्हतें. त्या दिवसापासून रविवार 'घराचा' राहिला नाहीं, महिन्यांतला पहिला माझा, दुसरा पत्नीचा, तिसरा चिरंजीवाचा, असें नांवानिशीं झालें. चवथा अण्णांनीं मागून घेतला. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं व मीं विचारलें नाहीं. पांचवा आलाच तर चिठ्ठी टाकतों. चिरंजीव पंधरा वर्षांचा; त्याच्या रविवारीं काकू त्याच्याकडून वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून घेतात आणि उच्चार सुधारतात, म्हणून तो कुरकुरत जातो, पण जातो.

2025 च्या नाताळाला गुरुवार होता. गुरुवार त्यांच्याकडचा, पण त्या दिवशीं त्यांच्या घरोघरीं पाहुणे, देवळांत मोठी उपासना. सिस्टर विचारावयास आल्या तेव्हां मी घरीं नव्हतों. नंतर वही पाहिली, तों त्या गुरुवारच्या रकान्यांत अण्णांचें ठसठशीत अक्षर: "8 वाजतां गोळी. मऊ भात, लिंबाचें लोणचें. वहिनींना वांकतां येत नाहीं म्हणून रांगोळी मीं काढली. वांकडी आली. समोरच्या दारींही काढावयास लावली."