हाताची चव नावाची थाप

संक्रांत होऊन दोन शनिवार उलटले. तव्याला चिकटलेला गूळ खरवडून झाला, बोटावरचा फोडही सुकला, पण डोक्यातली चिडचिड काही जात नाहीये. म्हटलं, आज ती इथे ओतून मोकळं व्हावं. मंडळी, कडू लागलं तर वर तीळगूळ खा आणि पुढे वाचा.

चिडचिड आहे एका वाक्यावर. 'आमच्या आईच्या हाताला काय चव आहे म्हणून सांगू!'

तुम्ही म्हणाल, यात चिडण्यासारखं काय आहे? चांगलं कौतुकाचं वाक्य आहे की. मीही ते हजार वेळा म्हटलंय. दर डिसेंबरात ऑफिसात हा कार्यक्रम ठरलेला. पुण्यात जरा गारठा पडला की कुणीतरी घरून आलेला डिंकाच्या लाडवांचा डबा उघडतो. पाच मिनिटांत डबा साफ. मग ते वाक्य येतं. मग दुसरा कुणीतरी म्हणतो, 'ती चव विकतच्याला नाही रे.' सगळे क्षणभर हळवे होतात, आणि मग 'चला, मीटिंग आहे' म्हणून उठतात. डिंक एवढा कुरकुरीत कसा फुलला, तूप किती तापवलं, खारीक कुणी कुटली, किती तास लागले... एकही प्रश्न नाही. मीही कधी विचारला नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. मी ब्रेड करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अर्धं जग बरणीत पिठाचं आंबवण पाळत होतं, त्यातलाच मी एक. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, नाशिकच्या घरी बसून काम चालू होतं, आणि पहिल्या बचतीतून एक छोटा ओव्हन आणि एका ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घेतला. पहिला ब्रेड वीट. दुसरा ब्रेड वीट. तिसऱ्याला निदान सुरी लागली. मग हळूहळू कळत गेलं, की ब्रेडवाले सगळं पिठाच्या टक्क्यांत मोजतात : पीठ १००, तर पाणी ६५, मीठ २. आपल्या चक्कीच्या कणकेतला स्टार्च दळताना जास्त मोडतो, म्हणून ती जास्त पाणी पिते, आणि म्हणून परदेशी व्हिडिओतलं माप आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. चौथ्या ब्रेडला जाळी पडली आणि मी जग जिंकलं.

तो ब्रेड पुढे ऑफिस सुरू झाल्यावर डब्यातून नेला. तेच टेबल, तीच माणसं. आणि काय प्रश्न! 'पाणी किती टक्के?' 'किती तास फुगवलास?' 'ओव्हन किती डिग्रीला?' एकाने तर वहीत लिहून घेतलं. लक्षात घ्या, 'तुझ्या हाताला चव आहे' असं एकही जण म्हणाला नाही. माझ्या ब्रेडचं श्रेय माझ्या डोक्याला मिळालं. आईच्या लाडवांचं श्रेय मात्र तिच्या हाताला. म्हणजे मी शिकलो, आणि तिला ते आपोआप येतं!

बरं, अवघड काय आहे ते तरी बघा. गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. ब्रेडमध्ये अर्धं काम तेच करतं. बाजरीत ते नाहीच. म्हणून भाकरीला गरम पाणी घ्यायचं, त्याने स्टार्च फुलून चिकटपणा येतो. तेही एका वेळी एका भाकरीपुरतं, तळहाताने रगडून. परातीत थापताना कडा चिरू द्यायच्या नाहीत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची. मग शेवटी थेट जाळावर टम्म फुगवायची. आणि पीठ ताजंच हवं, कारण बाजरीत स्निग्धांश जास्त, दळून ठेवलं की लवकर कडवट होतं. यातलं एक चुकलं तरी हातात भाकरीऐवजी नकाशा येतो. नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला उठून आई अशा दहा-बारा भाकरी थापते. त्याबद्दल तिला आजवर मिळालेला तांत्रिक प्रश्न एकच, 'अजून एक आहे का?'

असो. तर यंदा डिसेंबरात आई अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. संक्रांत जवळ आली तशी घरी फोनवर चर्चा सुरू झाली. बाबा म्हणाले, "यंदा गूळपोळी विकत आणू." ताई म्हणाली, "विकतची नको, त्यापेक्षा नकोच." मी म्हटलं, "हो ना, आईच्या हातची ती आईच्या हातची." फोन ठेवला आणि मग एकदम चरकलो. चार माणसांचं घर, तीसेक वर्षं दर संक्रांतीला गूळपोळी, आणि ती करता येणारं माणूस एकच. तिचं मनगट मोडलं की सण रद्द!

आमच्या धंद्यात याला 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं बसखाली आली तर काम ठप्प होईल, तो आकडा. तो एक असेल तर मॅनेजरची चंपी होते. सगळं एकाच्याच डोक्यात का ठेवलं? बाकीच्यांना का शिकवलं नाही? त्या माणसाला सुट्टी कशी मिळणार? घरी नेमकं हेच झालं की आपण मात्र त्याचा अभिमान बाळगतो.

भोगीच्या आदल्या दिवशी रजा टाकून, वजनकाटा पिशवीत घालून नाशिकला गेलो.

"आई, गूळ किती घ्यायचा?"
"पुरेल इतका."
"तीळ?"
"गुळाच्या मानाने."
"म्हणजे किती?"
"अरे, अंदाजाने! तुझ्या त्या काट्याने पोळ्या होत नसतात."

पंधरा मिनिटं हेच. मी वैतागलो, ती वैतागली, बाबा पेपर घेऊन बाहेर गेले. मग मला माझी चूक कळली. मी 'किती' विचारत होतो. विचारायला हवं होतं, 'कमी-जास्त झालं तर तुला कळतं कसं?' हा प्रश्न विचारला आणि नळ सुटला. दीड तास बाई बोलत होती.

सारण कणकेइतकंच मऊ हवं. घट्ट राहिलं तर लाटताना मध्येच बसून राहतं आणि कडा कोरड्या जातात, सैल झालं तर पोळी फाडून तव्यावर येतं. थंडीत गूळ कडक होतो, म्हणून भांडं तासभर गरम कुकरच्या झाकणावर ठेवायचं. चिक्कीचा गूळ अजिबात नको, साधा मऊ गूळ घ्यायचा. तो किसायचाच, कारण एक खडा राहिला तरी पोळी तिथेच फुटते. बेसन तेलात खमंग भाजून घालायचं, ते वितळत्या गुळाला धरून ठेवतं. लाटणं मधे दाबायचं नाही, कडेकडेने फिरवायचं. गूळ तव्यावर आलाच तर लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पुढची पोळी करपते. आणि पोळी निवल्यावरच खायची, गरम गूळ जीभ भाजतो.

सांगा, हा 'अंदाज' आहे? हे मोजमापच आहे! फक्त काटा बोटांत आहे. तिळाच्या वडीसाठी गुळाचा थेंब ती वाटीतल्या गार पाण्यात टाकते, आणि त्याची गोळी किती कडक होते त्यावरून पाक ओळखते. तेच मिठाईवाले थर्मामीटरने करतात. साखरेच्या पाकातलं पाणी जसजसं उडतं तसतसं तापमान चढतं, ११५ अंशांच्या आसपास मऊ गोळी होते, पुढे कडक. आईची वाटी आणि त्यांचा थर्मामीटर एकच गोष्ट मोजतात. एकाला आपण विज्ञान म्हणतो आणि दुसरीला हाताचा गुण.

मी लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. सारण : किसलेला मऊ गूळ २५० ग्रॅम, भाजलेल्या तिळाचं कूट ६०, तेलात भाजलेलं बेसन ३०, भाजून कुटलेली खसखस १०, जायफळ. वरची पारी : कणीक २००, मैदा ५०, कडकडीत तेलाचं मोहन ३ चमचे, मीठ, आणि पाणी पुरीच्या पिठासारखं घट्ट भिजेल इतकं. तासभर झाकून ठेवायचं. दोन छोट्या पाऱ्यांमध्ये सारणाची चपटी गोळी, कडा दाबून बंद, आणि लाटा.

पहिल्या तीन पोळ्या फुटल्या, बोटाला फोड आला, स्वयंपाकघरात धूर. चौथी जमली. एकूण चौदा केल्या, त्यातल्या नऊ माणसांत नेण्यासारख्या होत्या.

आता काही लोक म्हणणार, काट्यावर मोजून का कधी स्वयंपाक होतो? आपल्या परंपरेत हे असलं नाही. का नाही? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली ती मापं घेऊनच, आणि घरोघरी पिढ्यांनी त्यावर स्वयंपाक शिकला. त्याआधी, १९४३ साली, सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' आली. बायकांनी हे ज्ञान कधीच लिहून काढलंय. आपल्याला ते वाचायची गरज पडली नाही, कारण ताट आयतं समोर येत होतं.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे. 'अरे, त्यात आईचं प्रेम असतं.' मी आईला विचारलं. ती म्हणाली, "प्रेम? संक्रांतीला सकाळी मला धड आंघोळीलाही वेळ नसतो. कधी एकदा संपतंय असं होतं." प्रेम नाही असं नाही. पण लाडवातला डिंक प्रेमाने फुलत नाही, तूप पुरेसं तापल्यावर फुलतो. तूप कमी तापलं तर कितीही प्रेम असलं तरी तो आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

एक मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो. भोगीला मी तीळ लावून बाजरीची भाकरीही करायला गेलो आणि तिथे काट्याचा काही उपयोग झाला नाही. पीठ आणि पाणी ग्रॅमवर मोजून घेतलं, तरी सात भाकऱ्यांचे सात नकाशे झाले. म्हणजे हातात काहीतरी असतं, हे खरंच. पण ते जन्मजात नसतं. आईने सांगितलं की लग्नाआधी तिचीही भाकरी मोडायची, आणि आजी ती मोडकी भाकरी तिलाच खायला लावायची. हाताची चव म्हणजे हजारो भाकऱ्यांचा सराव, आणि तो कुणीतरी सक्तीने करून घेतलेला. माझ्याकडून कुणी करून घेतला नाही, एवढाच फरक.

आणि हा फरक मोजलेला आहे बरं का. केंद्र सरकारने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. शिवाय ही ९७ मिनिटं जे पुरुष काही करतात त्यांची. ते होते चारात जेमतेम एक. उरलेले तिघे काय करत होते, ते मला माहीत आहे. 'आईच्या हाताला काय चव आहे' असं म्हणत होते.

म्हणून मी या वाक्याला थाप म्हणतो. ते ऐकायला कौतुक आहे, पण काम वेगळंच करतं. चव हाताला आहे म्हटलं की ती शिकता येत नाही. शिकता येत नाही म्हणजे मी शिकायचा प्रश्नच मिटला. आणि तो हात एकच असल्यामुळे त्याला रजा नाही, आजारपण नाही, निवृत्तीही नाही. साठीला आलेल्या बाईला देवत्व देऊन परत ओट्यापाशी उभं करायची ही सोय आहे. विकेंडला एक ब्रेड करून पाठ थोपटून घेणाऱ्या माझ्यासारख्यांना तर ती फारच सोयीची.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी डबा उघडलात की ते वाक्य गिळा आणि 'हे कसं केलं?' असं विचारा. उत्तर लिहून घ्या. मग घरी जाऊन एकदा तरी करा, आणि बिघडलेलं स्वतः खा. थंडी अजून आहे, गूळ आणि तीळ बाजारात आहेत.

बाबांबद्दल सांगायचं राहिलंच. संक्रांतीला त्यांनी गूळ किसून दिला, आयुष्यात पहिल्यांदा. अर्धा किलो गुळाला पाऊण तास लागला आणि खांदा दुखला म्हणून दोनदा सांगून झालं. मग जेवायला बसले, तुपात बुडवून पोळीचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! अगदी हिच्या हातची चव आहे."

आई म्हणाली, "माझा हात गळ्यात अडकवलाय."