आपल्या वसतिगृहात सिद्दी मुलांना जागा हवी

कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही तेथे मांडण्याचा विचार चालू होता. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. जयंतीच्या व्याख्यानांतून हे आपण अभिमानाने सांगतो.

परंतु आफ्रिकी वंशाचे लोक आपल्या शेजारीही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांत सिद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज त्यांत मोठ्या संख्येने आहेत. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. कित्येक घरांत बोली कोकणी. तेथील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, म्हणजे राज्यघटना अमलात आल्यावर ५३ वर्षांनी! महाराष्ट्राच्या यादीत तर हे नावच नाही. शहरात आलेल्या सिद्दी तरुणाला ‘तू कोणत्या देशाचा?’ हा प्रश्न आजही चुकत नाही.

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, हे आपली मुले शिकतात. घरी मात्र ‘हबशी’ हा शब्द काळ्या रंगाची चेष्टा करण्यासाठी वापरला जातो, आणि लग्नाच्या बोलणीत गोऱ्या मुलीचे मोल आपल्या समाजातही अजून उतरलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ ते २०३४ हे आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दुसरे दशक घोषित केले आहे. आपल्या हाती असलेले काम लहान आहे. समाजाने चालविलेल्या निवासी शाळांनी दरवर्षी निदान पाच जागा सिद्दी मुलामुलींसाठी राखाव्यात, असे आम्हास वाटते. त्यांच्या धर्माचा प्रश्न प्रवेशाच्या वेळी निघू नये. येथील यादीत नाव नसल्याने सवलतींची अडचण येईल. तो खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा.

आपल्याच मुलांना जागा पुरत नाहीत, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण ‘आधी आमची मुले’ हे उत्तर ऐकतच आपले वाडवडील शाळेच्या दाराबाहेर बसले होते. येत्या जूनच्या प्रवेशापूर्वी विश्वस्त मंडळाने हा विषय बैठकीत घ्यावा, ही आमची विनंती आहे.